वातानुकूलन यंत्रणेतील झडपांची देखभाल व दुरुस्ती

वातानुकूलन यंत्रणेतील झडपा ही प्रशीतकाचा किंवा थंड पाण्याचा प्रवाह अडवणारी, सोडणारी, कमी-अधिक करणारी अथवा त्याची दिशा पालटणारी साधने होत. बोलीभाषेत प्रशीतकाला सरसकट 'गॅस' आणि झडपेला 'व्हॉल्व्ह' म्हणतात. घरगुती स्प्लिट एसीमध्ये अशा मोजक्याच झडपा असतात, तर मोठ्या इमारतीच्या केंद्रीय यंत्रणेत त्यांची संख्या शेकड्यांत जाऊ शकते. झडप हा तुलनेने स्वस्त भाग असला, तरी तिचा दोष बहुधा दुसऱ्याच भागाच्या नावावर जमा होतो. गळक्या पिनेमुळे 'गॅस संपला' असे म्हटले जाते, तर अडकलेल्या प्रसरण झडपेमुळे 'कॉम्प्रेसर गेला' असा निष्कर्ष निघतो. म्हणून झडपांच्या दुरुस्तीत पान्यापेक्षा निदानाला अधिक महत्त्व आहे. नागपूरसारख्या तीव्र उन्हाळ्याच्या शहरात हे निदान आणखी कठीण होते, कारण तेथे मे महिन्यात निर्दोष यंत्रातील दाबही इतरत्र दोष ठरावा इतका चढलेला असतो.

कार्य

वातानुकूलन यंत्र थंडी निर्माण करत नाही. ते खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकते. बंद नळ्यांमधून सतत फिरणारे प्रशीतक हे काम करते. कॉम्प्रेसरमध्ये प्रशीतकाचा वायू दाबला जाऊन तापतो. बाहेरच्या कंडेन्सरमध्ये तो आपली उष्णता हवेला देऊन द्रवरूप होतो. हा द्रव अरुंद मार्गातून पुढे गेला की त्याचा दाब एकदम उतरतो आणि कमी दाबाखाली तो खोलीतील कूलिंग कॉइलमध्ये उकळून पुन्हा वायू होतो. उकळण्यासाठी लागणारी उष्णता तो खोलीतील हवेतून घेतो.

अशा रीतीने यंत्रणेचे जास्त दाबाचा व कमी दाबाचा असे दोन भाग पडतात. एका बाजूला कॉम्प्रेसरमधील झडपा आणि दुसऱ्या बाजूला प्रसरण झडप या दोन भागांमधील सीमा राखतात. ही सीमा सैल झाली किंवा नको तेथे बुजली की यंत्र चालू राहते, वीजही घेते, परंतु खोली थंड होत नाही.

प्रकार

स्प्लिट एसीच्या बाहेरील युनिटच्या कडेला पितळेच्या दोन झडपा दिसतात. त्यांना सर्व्हिस व्हॉल्व्ह म्हणतात. बारीक नळीवरील झडपेला दोन वाटा असतात, जाड नळीवरील झडपेला तीन. तिसरी वाट गेज लावण्यासाठी असते. झडपेची टोपी काढल्यावर आत षट्कोनी खाच असलेला दांडा दिसतो. तो ॲलन कीने फिरवतात. नवे यंत्र येते तेव्हा प्रशीतक बाहेरच्या युनिटमध्ये कोंडलेले असते. बसवणी व निर्वातीकरण झाल्यावर या झडपा पूर्ण उघडल्या जातात आणि त्यानंतर अनेक वर्षे त्यांना कोणी हात लावत नाही. टोपी केवळ धूळ अडवण्यासाठी असते असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात दांड्याभोवतीची रबरी कडी उष्णतेने ताठर झाल्यावर गळती रोखण्याचा बराचसा भार टोपीवरच येतो. दुरुस्तीनंतर टोपी न लावता सोडलेले युनिट ही म्हणूनच गंभीर त्रुटी मानली पाहिजे.

गेज लावण्याच्या वाटेत स्कूटरच्या ट्यूबमध्ये असते तशी स्प्रिंगवर चालणारी पिन असते. श्रेडर झडप या नावाने ओळखली जाणारी ही रचना मूळची टायरमध्ये हवा भरण्यासाठीची असून तिचे पेटंट अमेरिकेत १८९३ साली घेतले गेले. पिनेच्या टोकाशी असलेली गादी झिजली किंवा तिच्यावर धातूचा बारीक कण अडकला की अत्यंत मंद गळती सुरू होते. ही गळती कानाला ऐकू येत नाही आणि तिचा परिणाम कधी कधी एक-दोन ऋतूंनंतरच जाणवतो.

दाब उतरवण्याचे काम लहान यंत्रांत पुष्कळदा केशनलिका करते. ही तांब्याची अतिशय बारीक नळी असून तिला हलणारा भाग नसल्याने ती काटेकोर अर्थाने झडप नव्हे. तापनियंत्रित प्रसरण झडप मात्र खरी झडप आहे. तिच्यातील पडद्याला एका बाजूने कॉइलच्या शेवटी बांधलेल्या फुग्याचा दाब ढकलतो, तर दुसऱ्या बाजूने स्प्रिंग व कॉइलमधील दाब ढकलतात. कॉइलमधून बाहेर पडणारा वायू अधिक उबदार झाला की फुग्यातील दाब वाढतो व झडप जास्त उघडते. इन्व्हर्टर यंत्रांत आता इलेक्ट्रॉनिक प्रसरण झडप सर्रास वापरली जाते. तिच्यातील छोटी मोटर विजेच्या ठोक्यांगणिक सुई थोडीथोडी वरखाली करते. वीजपुरवठा सुरू केल्यावर बाहेरच्या युनिटमधून काही क्षण येणारी बारीक टकटक ही सुई शून्यस्थानी जात असल्याची खूण असते. तो दोष नव्हे, उलट तो आवाज न येणे संशयास्पद असते.

थंड व गरम अशा दोन्ही कामांच्या यंत्रांत चतुर्मार्गी झडप असते. एका लहान विद्युत्-झडपेच्या मदतीने तिच्यातील सरकता भाग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो आणि कॉम्प्रेसरमधून येणाऱ्या वायूची वाट पालटतो. याखेरीज कॉम्प्रेसरच्या पोटात पोलादी पातळ पट्ट्यांच्या झडपा असतात. घरगुती कॉम्प्रेसर वेल्डिंगने कायमचा बंद केलेला असल्यामुळे त्या दुरुस्त करता येत नाहीत. मोठ्या, बोल्ट सोडून उघडता येणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये मात्र झडपांची संपूर्ण पट्टिका बदलता येते.

नागपूरच्या उन्हाळ्यातील परिस्थिती

नागपुरात मे महिन्यातील सरासरी कमाल तापमान ४२ ते ४३° से.च्या आसपास असते आणि ४७° से.हून अधिक तापमानाचीही नोंद झालेली आहे. सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो तेव्हापासूनच्या, म्हणजे २५ मेच्या सुमारास सुरू होणाऱ्या नऊ दिवसांना विदर्भात 'नवतपा' म्हणतात. वातानुकूलन यंत्रांची खरी परीक्षा याच काळात होते.

आयएसओ ५१५१ या आंतरराष्ट्रीय मानकात मध्यम हवामानासाठी यंत्राची क्षमता बाहेरील तापमान ३५° से. धरून मोजली जाते. उष्ण हवामानासाठी ४६° से.ची वेगळी अट आहे. भारतातील तारांकनासाठी वापरली जाणारी हंगामी कार्यक्षमता २४ ते ४३° से. या पट्ट्यावर आधारलेली आहे. नागपूरची मे महिन्यातील दुपार या पट्ट्याच्या वरच्या टोकाशी किंवा त्यापलीकडे असते. शिवाय बाहेरचे युनिट बहुधा गच्चीवर अथवा पश्चिमेच्या भिंतीवर असल्याने त्याच्याभोवतीची हवा वेधशाळेतील आकड्यापेक्षाही तापलेली असते.

याचा दाबावर होणारा परिणाम मोठा आहे. बाहेर ३५° से. असताना कंडेन्सरमधील प्रशीतक साधारणतः ४५ ते ४८° से.ला द्रवरूप होते. आर-३२ या प्रशीतकासाठी त्या वेळी गेजवर सुमारे ३९० ते ४२० पीएसआय दाब दिसतो. बाहेर ४४° से. असेल, तर तेच यंत्र काहीही बिघाड नसताना ५०० पीएसआयच्या आसपास जाते. जुन्या आर-२२ यंत्रात ५५° से.शी संबंधित दाब सुमारे ३०० पीएसआय असतो. आर-२२ वर हात बसलेल्या कारागिराला ५०० चा आकडा पाहून गॅस जास्त झाल्याचा किंवा झडप बुजल्याचा भास होणे स्वाभाविक आहे. गॅस सोडून दाब खाली आणला, तर संध्याकाळी आणि पुढे पावसाळ्यात तेच यंत्र कमी गॅसवर चालते. म्हणून दाब वाचताना बाहेरच्या हवेचे तापमान, तेही युनिटच्या जाळीपाशी मोजून, सोबत नोंदवणे अनिवार्य समजले जाते.

मोजण्याचे साधनही पारखून घ्यावे लागते. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६° से. तापमान दाखवल्याने देशभर चर्चा झाली होती. तो आकडा संवेदकातील बिघाडामुळे आल्याचे हवामान विभागाने पुढे स्पष्ट केले. गच्चीवर उन्हात ठेवलेला तापमापक आणि शून्यावर न येणारा गेज यांच्या बाबतीतही हीच फसगत होते, फरक एवढाच की त्याची बातमी होत नाही.

शहरातील वापराची पद्धतही लक्षात घेण्याजोगी आहे. कोरड्या उन्हाळ्यात नागपूरकर मोठ्या प्रमाणावर कूलर वापरतात. जूनमध्ये पाऊस येऊन हवा दमट झाली की कूलरचा उपयोग ओसरतो आणि एसीवरचा भार नव्या रूपात पुढे चालू राहतो. हिवाळ्यात यंत्र काही महिने बंद असते. पिनेची मंद गळती या काळातही चालूच राहते व मार्चमध्ये यंत्र प्रथम सुरू केल्यावर ती उघडकीस येते. मार्च-एप्रिलमध्ये कारागिरांकडे एकाच वेळी कामांची गर्दी होण्याचे हे एक कारण आहे. गर्दीमुळे गळती न शोधता नुसता गॅस भरण्याकडे कल वाढतो आणि पुढच्या मार्चमध्ये तीच तक्रार पुन्हा येते. प्रशीतक यंत्रात जळत किंवा झिजत नाही. ते कमी झाले असेल, तर कोठून तरी बाहेर गेलेले असते.

दोषनिदान

केवळ एका गेजवरून झडपेचा दोष ठरवता येत नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंचे दाब आणि त्यांच्या जोडीला दोन तापमाने लागतात. कॉइलमधून निघणारा वायू त्याच दाबाच्या उत्कलनबिंदूपेक्षा जितका अधिक उबदार असतो त्या फरकाला 'सुपरहीट' म्हणतात. कंडेन्सरमधून निघणारा द्रव त्याच दाबाच्या द्रवणबिंदूपेक्षा जितका अधिक थंड असतो तो फरक 'सबकूलिंग' होय. तापनियंत्रित प्रसरण झडप असलेल्या यंत्रात सुपरहीट साधारणतः ५ ते ८ अंश अपेक्षित असते. नेमका आकडा निर्मात्याच्या पुस्तिकेत पाहावा.

कमी दाबाच्या बाजूचा दाब उतरलेला व सुपरहीट वाढलेली आढळली, तर कॉइलला प्रशीतक अपुरे मिळत आहे एवढेच सिद्ध होते. ते यंत्रातच कमी आहे की वाटेत अडले आहे, हे सबकूलिंगवरून कळते. सबकूलिंगही कमी असेल, तर गॅस खरोखर कमी आहे. सबकूलिंग नेहमीइतके किंवा जास्त असेल, तर द्रव कंडेन्सरमध्ये साचला असून प्रसरण झडप किंवा तिच्या आधीचा गाळक बुजला आहे. या दुसऱ्या स्थितीत गॅस भरणे घातक ठरते, कारण जास्तीचे प्रशीतकही कंडेन्सरमध्येच साचते आणि आधीच चढलेला दाब आणखी चढतो.

याउलट सुपरहीट जवळजवळ शून्य व कमी दाबाच्या बाजूचा दाब चढा असेल, तर प्रसरण झडप उघडी अडकली आहे किंवा तिचा फुगा नळीपासून सुटला आहे. सुटलेल्या फुग्याला भोवतालच्या उबदार हवेचे तापमान मिळते, झडप उघडतच जाते आणि न उकळलेला द्रव कॉम्प्रेसरपर्यंत पोहोचतो. यात कॉम्प्रेसरचे नुकसान होऊ शकते. गंमत अशी की दुरुस्ती मात्र एका तांब्याच्या पट्टीची व उष्णतारोधक वेष्टनाची असते. फुगाच फुटून रिकामा झाला असेल, तर उलट झडप मिटते आणि यंत्र गॅस कमी असल्यासारखे वागते.

यंत्र काही वेळ चांगले थंड करते, मग थंडावा नाहीसा होतो आणि बंद करून पुन्हा चालू केले की परत येतो, असे घडत असेल, तर यंत्रणेत पाण्याचा अंश असल्याचा संशय घ्यावा. जेथे प्रसरण झडपेचे तापमान शून्याखाली जाते तेथे हे पाणी छिद्राशी गोठते व विश्रांतीत वितळते. कमी दाबाची बाजू चढी आणि जास्त दाबाची बाजू उतरलेली असेल, तर दोन्ही भागांमधील सीमाच गळत आहे असे समजावे. तेथे कॉम्प्रेसरच्या आतील पट्ट्या व चतुर्मार्गी झडप असे दोन संशयित असतात. चतुर्मार्गी झडपेत कूलिंग कॉइलकडून येणारी नळी आणि कॉम्प्रेसरकडे जाणारी नळी यांच्या तापमानात फारसा फरक नसावा. तो अनेक अंशांचा असेल, तर गरम वायू झडपेच्या आतूनच थंड वायूत मिसळत आहे. ही साधी चाचणी न करता कॉम्प्रेसर बदलला, तर नव्या कॉम्प्रेसरनंतरही तक्रार कायम राहते.

इन्व्हर्टर यंत्रांत कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो. त्यामुळे विजेचा प्रवाह किंवा दाब पाहून गॅस भरण्याची जुनी पद्धत तेथे निरुपयोगी आहे. चाचणीसाठी दिलेल्या स्थिर वेगाच्या स्थितीत यंत्र चालवून मापे घ्यावी लागतात आणि गॅस वजनकाट्यावर तोलूनच भरावा लागतो. इलेक्ट्रॉनिक प्रसरण झडपेत प्रथम विद्युत् वेटोळे तपासतात. त्याच्या निरनिराळ्या फेऱ्यांचा रोध मल्टिमीटरवर सारखा यावा. वेटोळे झडपेच्या बाहेरून चढवलेले असल्याने ते गॅस न काढता बदलता येते.

नियमित देखभाल

नागपूरसाठी देखभालीचा योग्य काळ फेब्रुवारी हा आहे, कारण तेव्हा हवा फार तापलेली नसते आणि कारागीर उपलब्ध असतात. बाहेरच्या युनिटवरील झडपांच्या टोप्या जागेवर आहेत का, आणि सांध्यांभोवती तेलकट, काळपट धूळ जमली आहे का, हे घरमालकालाही पाहता येते. प्रशीतकाबरोबर कॉम्प्रेसरचे थोडे तेल फिरत असते. गळतीच्या जागी ते बाहेर येऊन धुळीला धरून ठेवते. शहरातील धुळीचा एवढा एक उपयोग म्हणता येईल.

कारागिराने टोपी काढून दांड्याशी व पिनेशी साबणाचा फेस लावावा, बुडबुडे पाहावेत आणि शक्यतो इलेक्ट्रॉनिक शोधकाने खात्री करावी. मात्र प्रत्येक तपासणीला गेज लावणे हिताचे नाही. गेजची नळी लावता-काढताना दर वेळी थोडा गॅस जातो आणि पिनेची गादी झिजते. यंत्र नीट थंड करत असेल, तर आत येणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या हवेच्या तापमानातील फरक पाहून थांबावे. कंडेन्सरची जाळी धुतल्याने दाब खाली येतो व झडपांवरचा ताणही कमी होतो. कूलरचे पाणी पितळी झडपांवर उडत असेल, तर त्यातील क्षारांचे थर सांध्यांवर जमतात. अशा वेळी कूलरची जागा बदलावी.

दुरुस्ती

पिन बदलणे हे सर्वांत लहान काम आहे. पिन काढण्याचे खास अवजार झडपेवर बसवले, तर आतील गॅस न सोडता जुनी पिन काढून नवी घालता येते. हे अवजार अनेक कारागिरांकडे नसते, त्यामुळे पाच मिनिटांच्या कामासाठी संपूर्ण गॅस हवेत सोडला जातो. टोपीतील गादी खराब असल्यास टोपीच बदलावी. टेफ्लॉनची पट्टी गुंडाळणे हा उपाय नव्हे.

सर्व्हिस व्हॉल्व्हला नळी फ्लेअर नटाने जोडलेली असते. तेथील गळतीवर नट आणखी आवळणे हा सर्वांत प्रचलित आणि पुष्कळदा चुकीचा इलाज आहे. नळीचे फुलवलेले तोंड चिरले असेल, तर आवळल्याने चीर वाढते. नळी कापून कड साफ करावी, तोंड नव्याने फुलवावे, त्यावर त्याच प्रशीतकाला चालणाऱ्या तेलाचा थेंब लावावा आणि टॉर्क पान्याने आवळावे. पाव इंची, म्हणजे कारागिरांच्या भाषेत दोन सूत नळीसाठी सुमारे १४ ते १८ न्यूटन-मीटर आणि तीन सूत नळीसाठी सुमारे ३३ ते ४२ न्यूटन-मीटर बल पुरते.

झडपेचे धडच बदलायचे असेल, तर प्रथम प्रशीतक यंत्राने ओढून रिकाम्या सिलिंडरमध्ये साठवतात. नंतर जुनी झडप ब्रेझिंगने सोडवून नवी जोडतात. या वेळी दोन गोष्टी पाळाव्या लागतात. झडपेच्या आतील रबर, नायलॉन व टेफ्लॉनचे भाग ज्योतीच्या उष्णतेने वितळू शकतात, म्हणून धडाभोवती ओले फडके गुंडाळून ज्योत तिच्यापासून दूर वळती ठेवावी. चतुर्मार्गी झडपेत निष्काळजीपणा झाल्यास नवी झडप बसवतानाच निकामी होते. दुसरी गोष्ट म्हणजे ब्रेझिंग चालू असताना नळीतून नायट्रोजनचा अगदी मंद झोत चालू ठेवावा. तो नसेल, तर तप्त तांब्याच्या आतल्या बाजूवर काळे भस्म धरते. हेच भस्म पुढे सुटून प्रसरण झडपेच्या जाळीत अडकते, आणि एका झडपेची दुरुस्ती दुसऱ्या झडपेला भोवते. यंत्रणा उघडली असल्यास शोषक गाळकही नवा बसवावा.

झडप निवडताना प्रशीतक, क्षमता व कमाल दाब हे तिन्ही जुळले पाहिजेत. आर-२२ ची झडप आर-३२ किंवा आर-४१०ए या प्रशीतकांना चालत नाही, कारण त्यांचा दाब दीडपटीहून अधिक असतो. चुकून मिश्रण होऊ नये म्हणून या नव्या प्रशीतकांच्या यंत्रांवरील गेजच्या वाटेचा आकार बहुधा वेगळा, म्हणजे पाव इंचाऐवजी ५/१६ इंच ठेवलेला असतो.

गळतीची चाचणी व निर्वातीकरण

दुरुस्तीनंतर कोरडा नायट्रोजन भरून दाब धरून ठेवतात. चाचणीचा दाब यंत्रावरील पट्टीवर दिलेला असतो. तो ओलांडू नये. बंद नळीतील वायूचा दाब तापमानाबरोबर बदलतो, हे या चाचणीत फार महत्त्वाचे आहे. सकाळी २८° से.ला ४०० पीएसआय दाब भरला आणि दुपारी नळ्या ४३° से.पर्यंत तापल्या, तर काहीही न गळता गेजवर सुमारे ४२० पीएसआय दिसतात. म्हणजेच दुपारी काटा ४०० वरच असेल, तर 'दाब टिकला' असे नव्हे, तर तेवढ्या अवधीत वीसेक पीएसआय गळाले असे समजावे. संध्याकाळी याच्या उलट भास होतो. म्हणून दोन्ही नोंदी सारख्या तापमानाला, शक्यतो एका पहाटेपासून दुसऱ्या पहाटेपर्यंत घेणे नागपुरात विशेष सयुक्तिक ठरते.

चाचणीनंतर निर्वात पंपाने हवा व ओलावा काढतात. निर्वात गेजवर सुमारे ५०० मायक्रॉन गाठून पंप बंद केल्यावर आकडा स्थिर राहिला पाहिजे. तो चढून एका पातळीवर थांबला, तर ओलावा शिल्लक आहे. चढतच राहिला, तर गळती आहे. उन्हाळ्यातील उष्णता येथे साहाय्यक ठरते, कारण तापलेल्या नळीतील पाणी लवकर उकळून निघते. पावसाळ्यात उलट अधिक वेळ द्यावा लागतो. नव्या प्रशीतकांबरोबर वापरली जाणारी कृत्रिम तेले हवेतील ओलावा वेगाने शोषतात. गॅसचा फवारा सोडून नळ्यांतील हवा हाकलण्याची पद्धत या तेलांसाठी मुळीच योग्य नाही.

सुरक्षितता

दाबाच्या चाचणीसाठी ऑक्सिजन वापरणे प्राणघातक आहे. दाबाखालील ऑक्सिजन कॉम्प्रेसरच्या तेलाशी येताच स्फोट होऊ शकतो. वेल्डिंगसाठी ऑक्सिजनचा सिलिंडर शेजारीच उभा असतो आणि नायट्रोजनचा आणावा लागतो, एवढ्या सोयीपायी हा धोका पत्करला जातो. नायट्रोजनलाही दाबनियंत्रक लावल्याशिवाय जोडू नये.

यंत्र दुसऱ्या जागी हलवताना सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतात. त्यासाठी बारीक नळीची झडप बंद करून कॉम्प्रेसर चालवतात आणि कमी दाबाच्या बाजूचा काटा शून्याजवळ येताच जाड नळीची झडप बंद करून यंत्र लगेच थांबवतात. क्रम चुकला, एखादा नट सैल राहिला किंवा थांबवण्यास उशीर झाला, तर कॉम्प्रेसर हवा आत ओढतो. हवा व तेलाचे मिश्रण दाबले गेल्याने कॉम्प्रेसर फुटल्याच्या घटना जपानसह इतरत्रही घडल्या आहेत. म्हणून गळती असलेल्या यंत्रावर ही कृती करू नये आणि कॉम्प्रेसर चालू असताना नळीचा कोणताही सांधा उघडू नये.

आर-३२ अल्प ज्वलनशील, तर आर-२९० म्हणजे प्रोपेन अतिज्वलनशील आहे. झडप सोडवण्यापूर्वी प्रशीतक पूर्ण काढून नायट्रोजनने नळ्या फुंकून घ्याव्यात. खोलीची दारे-खिडक्या उघडी ठेवावीत. प्रशीतकाचा सिलिंडर ८० टक्क्यांपेक्षा अधिक भरू नये व तो ५२° से.पेक्षा जास्त तापू देऊ नये. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत किंवा गच्चीवर ही मर्यादा नागपुरात सहज ओलांडली जाऊ शकते. द्रव प्रशीतक कातडीवर उडाल्यास हिमदंश होतो, म्हणून हातमोजे व चष्मा वापरावा.

केंद्रीय यंत्रणेतील पाण्याच्या झडपा

रुग्णालये, कार्यालये व मॉल यांसारख्या इमारतींत प्रशीतकाऐवजी थंड पाणी नळ्यांतून खेळवले जाते. येथे फुलपाखरी झडप, बॉल झडप, गेट झडप, एकमार्गी झडप, प्रवाह समतोल राखणारी झडप आणि खोलीच्या तापमानानुसार उघडमीट करणारी मोटरवरील झडप अशा अनेक प्रकारांचा वापर होतो. गेट झडप पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद ठेवण्यासाठी असते. ती अर्धवट उघडी ठेवून प्रवाह नियंत्रित केल्यास तिची फळी थरथरून झिजते आणि गरजेच्या वेळी ती नीट मिटत नाही.

नागपूर शहराचा पाणीपुरवठा मुख्यतः पेंच प्रकल्प व कन्हान नदी यांवर अवलंबून असला, तरी अनेक इमारती शीतन मनोऱ्यासाठी कूपनलिकेचे पाणीही वापरतात. कठीण पाणी मनोऱ्यात सतत बाष्प होत राहिल्याने त्यातील क्षारांचे प्रमाण वाढते व झडपांच्या बैठकीवर चुन्याचा थर बसतो. त्यासाठी पाण्याचे मृदूकरण, मनोऱ्यातील काही पाणी ठरावीक काळाने सोडून देणे आणि गाळण्या साफ करणे हे उपाय योजतात. एरवी न हलणाऱ्या झडपा तीन महिन्यांतून एकदा पूर्ण फिरवून पुन्हा मूळ स्थितीत आणाव्यात. दांड्याच्या वेष्टणातून थेंब पडत असल्यास दाबनट थोडा आवळतात. तरीही गळती राहिल्यास वेष्टण बदलतात.

शीतगृहांतील अमोनियाच्या यंत्रणा याहून वेगळ्या असतात. अमोनिया तांबे व पितळ यांना खातो, म्हणून तेथे पोलादी झडपाच वापरतात. घरगुती एसीवरील अनुभवाच्या बळावर त्या उघडणे धोक्याचे आहे.

प्रशीतकांतील बदल व प्रशिक्षण

आर-२२ हे ओझोनच्या थरास हानी पोहोचवते. १९८७ च्या माँट्रियल कराराला अनुसरून त्याचा वापर टप्प्याटप्प्याने संपवला जात असून, भारतात नव्या उपकरणांच्या निर्मितीत या गटातील प्रशीतकांचा वापर २०२५ पासून बंद करण्यात आला आहे. जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी ते अद्याप लागते. त्याची जागा घेणारी प्रशीतके ओझोनला निरुपद्रवी असली, तरी हवामानाच्या दृष्टीने तशी नाहीत. शंभर वर्षांच्या कालावधीत एक किलो आर-४१०ए सुमारे २,०८८ किलो, तर एक किलो आर-३२ सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवते. या गटातील वायूंचा वापर घटवण्यासाठी २०१६ मध्ये किगाली येथे झालेल्या दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. पिनेसाठी हवेत सोडलेल्या गॅसचा हिशेब यामुळे ग्राहकाच्या बिलापुरता राहत नाही.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये प्रशीतन व वातानुकूलन तंत्रज्ञ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकवला जातो. त्यात ब्रेझिंग, फ्लेअर करणे, प्रशीतक परत मिळवणे व निर्वातीकरण यांचे प्रात्यक्षिक समाविष्ट असते. केंद्र शासनाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय शीतन कृती आराखड्यातही कारागिरांच्या प्रशिक्षणावर व प्रमाणपत्रांवर भर दिलेला आहे. प्रत्यक्षात हा व्यवसाय मोठ्या प्रमाणावर उस्तादाच्या हाताखाली शिकला जातो. त्यामुळे आर-२२ च्या काळातील सवयी, उदाहरणार्थ हाताने नळीचा गारवा पाहून गॅसचा अंदाज बांधणे, नव्या प्रशीतकांच्या यंत्रांवरही चालू राहिलेल्या दिसतात.